आत्याबाईंचा विमानावरचा दावा

माझ्या सासूबाईंनी एका विमान कंपनीवर दावा लावला होता, असं मी सांगते तेव्हा लोक आधी हसतात. आता मीही हसते, हसायला काय जातं? तेव्हा मात्र माझं धाबं दणाणलं होतं. ज्या बाईचा जन्मातला सगळ्यात लांबचा प्रवास इगतपुरी ते नाशिक, तोही पॅसेंजर गाडीने, तिने विमानावर दावा लावायचा म्हणजे काय!

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. नाशिकात द्वारकेच्या चौकाच्या मागच्या अंगाला आमच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या, मी नगरपालिकेच्या शाळेत शिकवायची आणि हे सातपूरच्या एका कारखान्यात फिटर होते. त्या कारखान्याला टाळं लागलं. काही महिने इकडेतिकडे हात मारून झाल्यावर द्वारकेच्या एका एजंटाने यांना आखातात काम मिळवून दिलं. यांचा मावसभाऊ तिथे आधीपासून होता. त्यामुळे घरात धीर होता, निदान तोंडावर तरी.

एप्रिलमधल्या एका सकाळी हे निघाले. आत्याबाईंनी हातावर दही घातलं, यांनी ते चाटलं, आणि मागे वळून न बघता हे एसटी गाठायला गेले. माझ्या शाळेत मुलांची परीक्षा होती. घर आवरून निघावं म्हणून मी दारामागची केरसुणी उचलली तर आत्याबाईंनी माझं मनगट धरलं.

"ठिव ती. पोचल्याची तार यिऊ दे, मंग झाड."

"का?"

"मढं बाहेर काढल्यावर घर झाडत्यात. जित्या मानसामागं झाडायचं नसतं."

हे मी माहेरीही ऐकलं होतं. पण आमच्याकडे माणूस वेशीबाहेर जाईपर्यंतच थांबत. तासाभरात केर निघायचा. समुद्रापलीकडे जाणाऱ्या माणसाची वेस कुठली? आत्याबाईंनी ती उचलून थेट तिकडच्या विमानतळावर नेऊन ठेवली होती. मी मनातल्या मनात हसले आणि केरसुणी जागेवर ठेवली. रात्रीत पोचणार, उद्या दुपारपर्यंत तार येणार. एक दिवस केर राहिल्याने कोणाचं काय बिघडतंय?

दुसऱ्या दिवशी तार आली नाही. द्वारकेवरून दिवसरात्र ट्रक जायचे आणि उन्हाळ्यातली ती धूळ दार लावलं तरी आत यायची. फरशीवर आमच्या पावलांचे ठसे उमटायला लागले. आत्याबाई तांदूळ निवडत होत्या, त्याचा कोंडा तिथेच पडून होता. शेजारीण डोकावली आणि नाक मुरडून गेली. आत्याबाईंनी तिच्याकडे पाहिलंही नाही. त्यांचे कान रस्त्याकडे होते, सायकलची घंटा वाजली की हात थांबायचा.

तार त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आली, पण यांची नव्हे. मावसभावाची होती. विमानतळावर गेलो, आला नाही, कळवा, एवढंच. मी ती दारातच वाचली. आत्याबाईंना काही सांगायचंसुद्धा सुचलं नाही. चपला अडकवल्या आणि एजंटाच्या दुकानाकडे अक्षरशः पळत सुटले.

एजंटाने मुंबईला ट्रंककॉल लावला. लागेपर्यंत त्याने मला चहा दिला. तो मी पिऊ शकले नाही. फोन लागल्यावर तो खूप ओरडला, मग हळूहळू आवाज खाली आला. रिसीव्हर ठेवून तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई, ते विमान तर गेलंय म्हणतात."

विमान गेलं, आणि माणूस पोचला नाही. मग माणूस गेला कुठे? मला त्या वेळी जे वाटलं ते मी पुढे कधी कोणाला नीट सांगू शकले नाही. भीती म्हणतात ती पोटात असते, असं मी समजायची. त्या दिवशी ती माझ्या हातांत होती, बोटं वळेनात. मुंबईत कोणी लुबाडलं असेल, कुठल्या इस्पितळात नाव-गाव न कळता पडले असतील, पोलिसांनी भलत्याच भानगडीत धरलं असेल. मन चिंती ते वैरी न चिंती. चालताना एकदा मला असंही वाटलं, की विमान मध्येच पडलं असेल आणि हे लोक सांगत नाहीयेत.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. आत्याबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. शेजारणीने त्यांना तार आल्याचं सांगून टाकलं होतं.

"इमान गेलं?"

"गेलं म्हणतात."

"आन् त्यो पोचला नाय?"

मी मान हलवली. त्या उठून आत गेल्या. मी देवापाशी दिवा लावायला बसले. काडी विझली, दुसरी ओढली, आणि मागे खरखर ऐकू आली. वळून बघते तो आत्याबाई वाकलेल्या, हातात केरसुणी. तिन्हीसांजेला, जेव्हा एरवीही कोणी केर काढत नाही, तेव्हा त्या घर झाडायला लागल्या होत्या. कोपऱ्यापासून त्यांनी एक हात मारला होता, धुळीत स्वच्छ पट्टा उमटला होता.

मी किंचाळले. धावत जाऊन केरसुणी धरली, तर त्या सोडेनात. डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता.

"झाडू दे पोरी. आता कोनासाठी ठिवायचं?"

मी हिसकावून घेतली आणि ती मांडीवर घेऊन खाली बसले. शिकलेली बाई मी, पोरांना विज्ञान शिकवणारी. पण कोणी मारलं असतं तरी मी ती केरसुणी सोडली नसती.

दुसऱ्या दिवशी दुपारी यांची तार आली. पोचलो. मग पत्रातून सगळा उलगडा झाला. पासपोर्टवर शिक्का बसून सगळे आत गेले आणि विमान बिघडलं. तासाभरात निघू, तासाभरात निघू, असं करत दोन रात्री त्या लोकांनी माणसं आतल्या दालनात बसवून ठेवली. बाहेर सोडेनात, फोन करू देईनात. मुंबईत ज्याने एजंटाला उत्तर दिलं त्याने वेळापत्रक बघून दिलं होतं. वेळापत्रकाप्रमाणे विमान गेलेलं होतं!

तार हातात घेऊन मी रडले, हसले, घर झाडलं, धुतलं. आत्याबाई मात्र बाहेर पायरीवर बसून राहिल्या. त्या दिवसापासून त्यांनी केरसुणीला हात लावला नाही. केर दिसला तर फडक्याने टिपायच्या. यांच्या पत्रात ताप आल्याचं असलं की त्यांचा चेहरा उतरायचा. कामावर यांच्या बोटाला लागलं, तेव्हा त्या दोन दिवस जेवल्या नाहीत. मला कळत होतं. आपण जित्या पोरामागे केर काढला, तेच आता भोवतंय, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. किती समजावलं, पण भीतीला का कोणाचं समजावणं ऐकू येतं?

अशात एक दिवस जेवताना मी सहज बोलून गेले, की आता ग्राहकांसाठी नवीन न्यायमंच निघालाय. कंपनीने हयगय केली तर भरपाई मागता येते, वकीलही लागत नाही. आत्याबाईंचा घास हातातच राहिला.

"तिथं चूक कोनाची ते सांगत्यात का?"

"सांगतात."

"मंग जाऊ."

झालं! मी आपल्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला. एजंटाला कळलं तेव्हा तो घरी आला आणि म्हणाला, "ताई, असलं काही करू नका. तुमच्या मिस्टरांचं नाव काळ्या यादीत गेलं तर पुन्हा विमानात पाय ठेवता येणार नाही. तिथून हाकलूनही देतील." यांनीही पत्रात लिहिलं, विकतचं दुखणं घेऊ नका. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी तर कोर्टाच्या रस्त्यानेसुद्धा कधी गेले नव्हते. पण आत्याबाई हटेनात. मात्र भीती त्यांनाही होतीच, म्हणून त्यांनी तोड काढली.

"अर्ज माझ्या नावानं लिव्ह. त्याचं नाव कुठं नको. त्याचं काय वाकडं व्हायला नको."

मी लिहिला. अंगठा त्यांचा.

तारखेला आत्याबाई ठेवणीतलं लुगडं नेसल्या होत्या. समोर मुंबईहून आलेला कंपनीचा वकील होता, तरुण, सभ्य, आवाज न चढवणारा. अशा माणसाची मला जास्त भीती वाटते. तो उभा राहून म्हणाला, "तिकीट या बाईंच्या नावावर नाही. प्रवास यांनी केलेला नाही. ज्याने केला त्याची तक्रार नाही. विमानाला उशीर झाला हे मान्य, पण यांचं त्यात काय नुकसान झालं?"

अध्यक्ष वयस्कर होते. ते पुढे झुकून म्हणाले, "सांगा आजी. तुमचं काय नुकसान झालं?"

आत्याबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मला वाटलं, आता अध्यक्ष अर्ज फाडतील, वर यांच्या नावाची चौकशी करतील. मी त्यांना कोपराने हळूच ढोसलं.

"मी केरसुनी हातात घेतली व्हती, सायेब."

अध्यक्षांनी वकिलाकडे पाहिलं.

"पोरगा जिता व्हता," आत्याबाई म्हणाल्या, "आन् मी त्याच्यामागं घर झाडलं. तिन्हीसांजंला. यांनी नुसतं सांगितलं असतं, उशीर हाय म्हनून, तर मी कशाला हात लावला असता?"

कोणी हसलं नाही. टंकलेखकाचे हात थांबले होते. अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग इंग्रजीत काहीतरी सांगितलं आणि टंकलेखकाने ते उतरवून घेतलं. अर्ज फेटाळला होता. तिकीट ज्याचं नाही त्याला भरपाई मागता येत नाही, असं ते होतं. चूक कोणाची, याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं.

बाहेर पायऱ्यांवर आत्याबाईंनी माझा दंड धरला. 

"काय म्हनले? चूक कोनाची?"

"त्यांची," मी म्हणाले. "कंपनीची. सायबांनी तसंच सांगितलं."

"लिवलं तसं?"

"लिहिलं."

त्यांनी दंड सोडला आणि पायऱ्या उतरायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खरखर ऐकून जागी झाले. आत्याबाई घर झाडत होत्या. कोपऱ्याकोपऱ्यातून, वाकून, मनापासून. मी उठून दारात आले आणि रस्त्याकडे बघत उभी राहिले. त्यांची भीती गेली होती. माझी आता सुरू झाली होती, खोटं बोलले होते मी, आता यांचं काही वाकडं झालं तर ते माझ्यामुळे; आणि यांचं पुढचं पत्र येईपर्यंत मी रोज अशीच दारात उभी राहिले.