थ्री-नॉट-थ्रीचं माप

ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरी हॉस्पिटलात मशिनं दुरुस्त करणारा यतिन मूळचा कऱ्हाडचा. पण इंजिनिअरिंग पुण्यात झाल्यामुळे छापील आकड्यावर त्याची अपार श्रद्धा. कुकरच्या शिट्याही तो पुस्तिकेप्रमाणे मोजायचा. भात कच्चा राहिला तर दोष तांदळाला.

बंदुकीचा नाद त्याला नेव्हिलने लावला. इथे युनिव्हर्सिटीत पुढचं शिकताना यतिन त्याच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायचा. नेव्हिलने त्याला गाडी शिकवली, बार्बेक्यूवर वांगं भाजू दिलं आणि शनिवारी नेमबाजीच्या क्लबात चांदमारीला नेलं. आता यतिन बायकोपोरीसह दोन घरं पलीकडे, आणि नेव्हिल ऐंशी पार. यतिनची बायको चित्रलेखा त्याला तोंडावर नेव्हिल म्हणे, घरात नेव्हिलकाका.

कोविडमध्ये सीमा बंद झाल्या. नेव्हिलची मुलगी मेलबर्नला अडकली, यतिनचे वडील कऱ्हाडला. त्याबद्दल फारसं बोलायचं नाही, हे दोघांनी न बोलताच ठरवलं. उरला शनिवार.

आणि नेमकी बंदूक रुसली. नेव्हिलच्या वडिलांची ती जुनी थ्री-नॉट-थ्री, आपल्याकडे हवालदाराच्या खांद्यावर असायची तसली. दुकानातली काडतुसं घातली की गोळी निशाणाच्या कागदावर आडवी आदळायची. गोल भोकाऐवजी लांबट चीर.

"हात गेला, मेट," नेव्हिल म्हणाला. "डोळे आधीच गेलेत. ही पोलिसात जमा करतो आणि घरी बसतो."

"हात थरथरला तर गोळी भलतीकडे जाईल, नेव्हिल. आडवी कशी होईल?"

नेव्हिलने ऐकलं नाही. घरी बसणं म्हणजे काय ते यतिनला ठाऊक होतं. वडील रोज फोनवर "बसलोय" म्हणत, आणि दर आठवड्याला आवाज थोडा बारीक.

तेव्हा यतिनने गोळ्या स्वतःच घडवायचं ठरवलं. क्लबातले कितीतरी जण ते करत. कारपोर्टमध्ये, म्हणजे गाडीच्या उघड्या शेडमध्ये, शिसं वितळवायचं, साच्यात ओतायचं. चित्रलेखाने पहिल्याच दिवशी हद्द आखली. "माझा एक चमचा जरी त्या शिशाला लागला, तरी तू आणि चमचा दोघंही घराबाहेर!" ऑक्टोबरचा दमट उकाडा, डोक्याला टॉवेल, कोपरापर्यंत हातमोजे. वडिलांनी व्हिडिओ कॉलवर ते ध्यान पाहून हळूच विचारलं, "नोकरी गेली का रे?"

साच्यातून गोळ्या निघाल्या त्या बंदुकीच्या पुस्तकातल्या आकड्यापेक्षा जाड. यतिनला ते सहन होईना. एकेक गोळी त्याने पोलादी कड्यातून दाबून बरोब्बर छापील मापाची केली. चांदमारीवर त्याही आडव्या. दारू बदलून पाहिली, तरी आडव्याच. नेव्हिलच त्याच्या पाठीवर थोपटून म्हणाला, "तुझं काम छान आहे रे. माणूस जुना झालाय." आणि महिनाअखेरीस बंदूक जमा करायला येतो, असं पोलिसांना कळवूनही टाकलं.

संध्याकाळी चित्रलेखा कारपोर्टमध्ये आली, तर हा दात-ओठ खात कडं दाबतोय.

"काय चाललंय?"

"जाड आहेत. बारीक करतोय."

"कुणाला जाड?"

"पुस्तकात दिलंय की..."

"अरे, कासार बांगड्या भरताना हात दाबून बघतो की पुस्तक उघडतो? तिचं माप घेतलंस?"

यतिनने कडं खाली ठेवलं.

"नाही ना! एवढी म्हातारी बाई, आणि तू तिला लग्नातल्या मापाच्या बांगड्या भरतोयस!"

यतिन तसाच नेव्हिलकडे धावला. बंदूक रिकामी असल्याची खात्री करून त्याने मऊ शिशाचा एक तुकडा नळीतून लाकडी दांड्याने हलकेच ठोकत पार नेला आणि मोजला. मग पुन्हा मोजला. वर्षानुवर्षांच्या बारांनी आणि घासून घासून केलेल्या सफाईने नळी आतून चांगलीच रुंदावली होती.

"गोळी आत सैल धावतेय, नेव्हिल. नळीतल्या पिळाची पकडच नाही, मग फिरकी कुठून मिळणार? बाहेर पडली की कोलांटी खाते."

"तू दयाळू आहेस," नेव्हिल म्हणाला. म्हणजे पटलं नव्हतं.

यतिनने जाड गोळ्या जाडच ठेवल्या. क्लबातल्या जाणत्या माणसाकडून सगळं तपासून घेतलं. शनिवारी नेव्हिल येईना, तर चित्रलेखा त्याच्या दारात. "डबा दोघांचा भरलाय. तू नाही आलास तर यतिन एकटा खाईल, आणि शर्टाची बटणं मला लावावी लागतील."

बटणांसाठी नेव्हिल आला. आडवा झाला, श्वास धरला, पाच बार काढले. मग दोघं कागदापाशी चालत गेले.

पाच भोकं. पाचही वाटाण्यासारखी गोल. मात्र पाच भोकं पाच गावांना. एक तर पार कडेला.

नेव्हिलने चष्मा पुसून पुन्हा लावला. "सगळी गोल."

"सगळी."

"म्हणजे इकडेतिकडे गेलंय ते सगळं माझं."

 यतिन म्हाताऱ्याची चूक नाही हे दाखवायला निघाला, आणि त्याचीच आहे हे सिद्ध करून बसला! "थोडंसं," तो पुटपुटला.

नेव्हिल हसू लागला. किती महिन्यांनी. "माझं असेल तर मी सुधारीन की! पोलिसांना कळवतो, येत नाही म्हणून. पुढच्या शनिवारी किती गोळ्या देशील?"

"मागशील तेवढ्या."

कागदाची जपून घडी घालत नेव्हिल म्हणाला, "हा मुलीला दाखवतो फोनवर. म्हणतो, बघ, बापाने किती वाईट मारलंय!"