साय की लोणी

आत्याच्या खोलीला रंग मी लावून घेतला, तिला न विचारता. रंग चांगला लागला. चूक ती चूकच. आता आत्या नाही, म्हणून लिहून ठेवतो.

रोह्याला ती एकटी राहायची. आतोबा धाटावच्या कंपनीतून निवृत्त झाले आणि थोड्याच दिवसांत गेले. त्यानंतर तिने बाहेरच्या खोलीला रंग द्यायचं मनावर घेतलं. रंगाऱ्याने भिंतीवर नमुन्याचे दोन पट्टे मारून दिले, एक सायीसारखा, एक लोण्यासारखा. मला दोन्ही सारखेच दिसत. "सारखे कसे? एक तापल्या दुधाचा, एक निवल्या," आत्या म्हणायची.

दारावरून जाईल त्याला ती आत बोलवायची. "मंगल, ये गो, तुझी नजर चांगली हाय." शेजारची मंगल लोणी म्हणाली, की आत्या सायीची बाजू घ्यायची. शिफ्ट सुटून येणारा सुनील साय म्हणाला, तर लोण्याची. "घाई काय हाय? चहा घे, मग सांग."

"आत्या, तुमच्या भिंतीपायी बायको मला घरात घेणार नाय!" सुनील म्हणायचा.

"मग उद्या तिलाच घेऊन ये."

आणि दोघं यायची.

दिवाळी गेली, होळी आली, पट्टे तसेच. पेणहून गेलो की मला त्या भिंतीची लाज वाटे. म्हातारीला ठरवता येत नाही, असं मी धरून चाललो. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला ती माझ्याकडे आली, तेवढ्यात माणूस लावून सगळी खोली सायीच्या रंगाची करून टाकली.

परतल्यावर ती भिंतीकडे बघत राहिली. "छान झाला हो," एवढंच म्हणाली. मंगल उंबऱ्यातूनच "झाला एकदाचा!" म्हणून गेली. पुढच्या खेपेला सुनीलनेही रस्त्यावरूनच हात केला. चहाचे कप फडताळात पालथे होते. तिला रंग नव्हे, माणसं हवी होती, हे मला तेव्हा उमगलं. मग मीच जाईनासा झालो. कधी कामाचं कारण, कधी पावसाचं.

शेवटी एका रविवारी गेलो. ती तांदूळ निवडत होती.

"आत्या, तुझ्याकडची माणसं मी तोडली."

"माणसं कुठं तुटतात रे? परवा मंगल भांडायला आली नि जेवून गेली." ती हसली. "तू का नाय आलास?"

"लाज वाटत होती."

"व्हय? आणि मी काय समजायचं?"

मी पाया पडलो. "यायला हवं होतं मी," म्हणालो. "चुकलं माझं."