न भरलेला कागद

अमरावतीला मी ज्या वकीलसाहेबांच्या हाताखाली होतो, त्यांचं स्वतःचं दोन माणसांचं विमान होतं. अशिलाच्या तोंडी शब्दावर काडीचा विश्वास न ठेवणारा हा माणूस, कुठून कुठे उडणार ते लिहून द्यायचा कागद मात्र कधी भरत नसे. "नजरेनं उडणाऱ्याला सक्ती नाही. खाली रूळ दिसतो, बस्स!" मी शेजारी चडफडत बसायचो.

एका उन्हाळ्यात अकोल्याला जाताना धुळीच्या वादळात रूळ दिसेनासा झाला. धूळ फाटली तेव्हा वाट चुकून पार उत्तरेला आलो होतो; समोर अख्खा सातपुडा उभा. माझा रागच विरला. मी नुसता बघत राहिलो.

कसेबसे हिवरखेडजवळ एका मोकळ्या वावरात उतरलो. वावराचा मालक जोडे काढून जवळ आला, विमानाच्या पंखाला हात लावून पाया पडला. मग म्हणाला, "तुमी इकडं आले, हे कोणाले ठावं हाये?"

वकीलसाहेब कपड्यांवरची धूळ झटकू लागले.

"मी डोंगरात लाकडं आणाले जातो, त बायकोले वाट सांगून जातो. नाही आलो, त तिनं कुठं धुंडावं?"

त्यानं वर पाहिलं. आम्हीही पाहिलं. त्या अफाट आभाळात आमच्या येण्याची एक रेघसुद्धा नव्हती.