मी येतो म्हणणाऱ्या बायका

पुण्यातल्या हॉस्टेलवर पहिल्याच सकाळी मी बादली उचलली आणि म्हणाले, "मी आंघोळ करून येतो." खोलीतल्या दोघी मुलींनी आधी दाराकडे पाहिलं, मग खिडकीकडे, आणि कुणी पुरुषमाणूस दिसेना तेव्हा माझ्याकडे. आंघोळ करून मी परत आलो, म्हणजे आले, तोवर ही बातमी मजलाभर झाली होती.

बेळगावजवळ कंग्राळीला आमच्या घरी बाई काय नि बुवा काय, सगळेच 'येतो' म्हणतात. आई म्हणते, "भाकरी करतो." आप्पा म्हणतात, "भाकरी खातो." कोण बोलतंय ते क्रियापदावरून कळत नाही, ताटाकडे बघावं लागतं. शाळेतल्या बाईसुद्धा फळ्याकडे वळत म्हणायच्या, "मी लिहितो, तुम्ही उतरून घ्या." पुस्तकात 'मी जाते' असं छापलेलं असायचं. ते आम्ही मुली खणखणीत आवाजात वाचायचो आणि घंटा झाली की "मी जातो गं" म्हणून सुटायचो. यात काही चुकतंय असं कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

बेळगावच्या बाजारात भाजीवाली कानडीत 'ना बर्तेनि' म्हणते, तिचा नवराही तेच म्हणतो. कानडीत 'मी येतो' म्हणताना बाईबुवा असा भेद नसतोच. त्या शेजारात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलायची म्हटल्यावर कढीचा वास भाताला लागणारच. पण हे शहाणपण मला फार उशिरा सुचलं. तेव्हा मी मान खाली घालून 'येते, जाते, करते' शिकले, आणि वर "तुमच्याकडे मराठी पण बोलतात का?" असं विचारणाऱ्यांना "हो, अधूनमधून" असं उत्तर द्यायलाही शिकले.

पुढे नोकरीही पुण्यातच लागली आणि माझे दोन अवतार झाले. गावाकडे येणारी बस निपाणी स्टँडवर थांबली की माझं लिंग बदलायचं. त्याच फलाटावरून मैत्रिणीला फोन, "हो गं, पोचते." लगेच आईला फोन, "निपाणीला आलो, दीड-दोन तासांत पोचतो." एकदा ही अदलाबदल करायची राहिली आणि घरी जाऊन मी "हातपाय धुऊन येते" म्हणाले. शेजारची काकू आईला म्हणाली, "पोरगी लई शिकली गं तुजी. आता आपल्यात बसायची न्हाय." तिकडे मी कानडी आणि इकडे पुणेकरीण. ना घर का ना घाट का म्हणतात ते हेच.

अशात ऑफिसातल्या एका मुलावर माझा जीव जडला. मुलगा पुण्याचा, शांत, माझं बोलणं ऐकत राहणारा. त्यानं ऐकलं होतं ते सगळं 'ते'वालं. त्याची आई जन्मभर शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली. आमच्या घरी कुणी चुकीचं बोललं तर भाजी पुढे सरकत नाही, असं तो हसत सांगायचा. मीही हसायचे. मग एके दिवशी तो म्हणाला, आईबाबांना तुझं घर बघायचंय, आणि माझं हसू आटलं. मला हा मुलगा हवा होता. त्याच्या आईनं आमच्या सोप्यात बसून 'कुठल्या अडाण्यांत आले' असं मनात म्हणू नये, एवढंच मी देवाला मागत होते.

माझी थोरली बहीण लोंढ्याला दिलेली. ही आक्का आठवडाभर आधीच येऊन ठाकली आणि सगळी सूत्रं तिनं हातात घेतली. टीव्हीवरच्या मालिका बघून तिला पुणेरी बोलण्याचा दांडगा अभ्यास होता. सकाळ-संध्याकाळ तिचा एकच घोष: 'तो' नाही, 'ते' म्हणायचं. आई बिचारी भाकरी थापताना पुटपुटायची, "थापते, भाजते, उलटते." मधेच विसरून "जरा म्हशीला पाणी दाखवून येतो" म्हणायची, की आक्का चुलीपाशी डोकं धरून बसायची. आप्पा सोप्यात बसून रताळ्याच्या वेलांकडे बघत हे सगळं ऐकायचे. त्यांना कुणी काही शिकवलं नाही. पुरुषाला काय शिकवायचं, ते आधीपासून बरोबरच की.

पाहुणे आले. आईनं ऐनवेळी स्वतःची युक्ती काढली, 'मी' हा शब्दच टाकून दिला. "चहा होईल. पाणी येईल. पोहे मागनं येतील." आकाशवाणीवर हवामान सांगावं तसं ती बोलत होती आणि छान चाललं होतं. मग मुलाच्या आईनं कौतुकानं विचारलं, एवढ्या माणसांचा स्वयंपाक तुम्ही एकट्याच करता?

"होतो की," आई म्हणाली.

आता स्वयंपाक होतोच, त्यात काही चूक नव्हती. पण आक्काच्या कानाला तेवढा 'तो' लागला आणि तिनं मागून आईला चिमटा काढला. आई दचकून म्हणाली, "होते. स्वयंपाक होते." मुलाच्या आईच्या भुवया वर गेल्या आणि शिष्टाचारानं खाली आल्या. मी पोह्यांकडे बघत बसले.

आईची अडचण आप्पांच्या लक्षात आली असावी. ते उठले, टोपी सारखी केली, पांढऱ्या मिशीवरून हात फिरवला आणि पाहुण्यांना नीट ऐकू जाईल असं म्हणाले, "तुम्ही बसा निवांत. मी जरा शेताकडं जाऊन येते. रताळी काढून ठेवल्यात, ती घेऊन येते."

मुलाच्या वडिलांनी बशीत तोंड घातलं. मुलगा माझ्याकडे बघत होता. आक्काच्या तोंडात पदराचा बोळा. आणि आप्पा उंबऱ्यात एक पाय चपलेत घालून उभे होते, माझ्याकडे बघत, 'जमलं का गं' असं डोळ्यांनी विचारत.

पहिल्यांदा मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटलं. मग त्यांचे ते डोळे दिसले. आठवडाभर धडपडून मी काय मिळवलं होतं? माझ्या बापाला बाई केलं होतं. मला भयंकर राग आला, कुणाचा ते कळेना. मी उठले आणि सगळ्यांसमोर, मोठ्यानं म्हणाले, "आप्पा, थांबा. मी पण येतो."

बांधावरून जाताना त्यांनी विचारलं, "चुकलं काय गं माजं?"

मी म्हणाले, "आप्पा, ते बायकांसाठी होतं."

ते थांबलेच. "आक्का दिवसभर 'ते म्हणा, ते म्हणा' करत हुती. मला वाटलं, पुण्यात समदीच तसं बोलत्यात."

"आणि तुम्ही बोलला?"

"तुजं लगीन हाय न्हवं," आप्पा म्हणाले. "एक दिस बोललं तर काय झिजतंय."

मला तिथं बांधावर रडू आलं आणि हसूही आलं. आप्पांनी रताळ्यांचं पोतं खांद्यावर घेतलं.

आम्ही परतलो तोवर घरात आईनं सगळं कबूल करून टाकलं होतं. आक्कानं नंतर मला ते साग्रसंगीत सांगितलं. आई म्हणाली होती, आमच्यात बायका असंच बोलत्यात, पोरगीही तसंच बोलते, आता काय ते तुम्ही ठरवा. आणि मग मनातली शंकाही विचारून घेतली, की चार बायका मिळून निघाल्या तर पुण्यात काय म्हणतात? "आम्ही येतो," मुलाची आई म्हणाली. मग एकटीनं म्हटलं तर काय बिघडतं? त्यावर मुलाच्या आईनं नीट समजावून दिलं, की इथं बहुवचनात लिंगभेद होत नाही, एकवचनात होतो. आईनं विचार केला आणि म्हणाली, "मग आमच्यातल्या बायका समद्या बहुवचनीच म्हणायच्या." यावर मुलाची आई हसता हसता पोह्यांनी ठसकली, आणि पाणी आणायला आक्का धावली. या वेळी "आणतो, आणतो" म्हणत.

मला हे काही ठाऊक नव्हतं. मी मातीचे पाय घेऊन सोप्यात आले तेव्हा सगळे निघायच्या तयारीत होते आणि मला वाटलं, संपलं. मुलगा गाडीपाशी माझ्याजवळ आला नि हळूच म्हणाला, तू इतकी वर्षं माझ्याशी भाषांतर करून बोलत होतीस का? मी हो म्हणाले. तो म्हणाला, आता पुन्हा सगळं पहिल्यापासून बोल. मग तो आणि त्याचे वडील गाडीत जाऊन बसले.

त्याची आई मात्र रेंगाळली. रताळ्यांची पिशवी सांभाळत तिनं आप्पांना नमस्कार केला, आईचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "येतो हं."

आई म्हणाली, "या."

आमचं लग्न होऊन आता बरीच वर्षं झाली. त्या तेव्हा गाडीतल्या दोघांना धरून बोलल्या, की एकट्याच बोलल्या, हे सासूबाईंना विचारायचं माझ्या कितीदा ओठांवर येतं. अजून विचारलेलं नाही.