वहिनीच्या पेटीतली वही

स्वेटर काढायला परवा पेटी उघडली आणि डांबरगोळ्यांच्या वासासरशी मी कारध्याच्या माहेरघरात जाऊन पोचले. पंचाहत्तर-शहात्तर साल असेल. मी मॅट्रिकला होते.

दर शनिवारी वहिनी नदीवरचा पूल ओलांडून भंडाऱ्याला शिवणाच्या क्लासला जायची. "वर्षभरात एक झंपर नाही शिवला हिनं," आई मला म्हणाली. "जाते कोठं? तू लक्ष ठेव वो."

मलाही संशय होताच. एका शनिवारी वहिनी गेल्यावर मी तिची पेटी उघडली. साड्यांच्या तळाशी वही होती. कुणाची तरी पत्रं सापडणार, या भीतीनंच मी ती उघडली. पण आत वर्षभर वाचलेल्या पुस्तकांची यादी होती. त्रेचाळीस पुस्तकं, भंडाऱ्याच्या वाचनालयातून आणल्याची शनिवारची तारीख आणि प्रत्येकाखाली वहिनीची एक ओळ. एका कादंबरीखाली लिहिलं होतं, 'ती शेवटी घरी परतली. मी परतले नसते.' आणि शेवटच्या पानावर, 'माझी पेटी कुणीतरी उघडतं. साड्यांच्या घड्या बदललेल्या असतात.'

मी तर पेटीला पहिल्यांदाच हात लावला होता.

संध्याकाळी तांदूळ निवडताना आईनं हळूच विचारलं, "काय लिवलं हाय वो त्या वहीत?"

वहीबद्दल मी तिला अवाक्षर सांगितलं नव्हतं. आईला वाचता येत नव्हतं.

"माहेरची गाणी हायेत," मी म्हणाले.

वहिनीला वाचवलं, या आनंदात मी होते. आईला ते खरं वाटलं नव्हतं, हे आज कळतं. त्या दिवसापासून ती माझं दप्तरही तपासू लागली.