शेवटाआधीच उठलेला परीक्षक

फिलिपिन्समधल्या दावाओ शहराच्या रेडिओवर नेस्तोर अब्रिगाना नव्या सिनेमांबद्दल बोलायचा. उडत्या वीराच्या सिनेमाचा दुसरा भाग आला, तेव्हा तो ठासून म्हणाला, "मारामारी झकास, पण गोष्ट रेंगाळते आणि शेवट तर अगदीच पोकळ."

लगेच एका म्हातारीचा फोन आला. "बाळा, वीर मुखवटा काढून आजारी आईला भात भरवतो, तेही पोकळ?"

घरी जायची जीपनी बस चुकू नये म्हणून नेस्तोर शेवटाआधीच उठला होता.

"आजी, मी... शेवट पाहिलाच नाही."

"मग बोललास कशाला रे?"

सगळं शहर ऐकत होतं. दुसऱ्या दिवशी तो तिकीट काढून शेवटपर्यंत बसला. गोष्ट रेंगाळत होतीच; पण आईने घास घेतला, तेव्हा अंधारातही त्याला मान वर करवेना.