टिकल्याचा करारनामा

हसू नका म्हणलं तरी तुम्ही हसणारच आहात, तेव्हा चहा येईस्तोवर आधीच हसून घ्या. मी आयुष्यात एकच कुत्रं विकत घेतलं, आणि त्या वीतभर कुत्र्यानं मला असं उघडं पाडलं की आजही घरात मी ‘कागद’ हा शब्द जपून वापरतो.

गंगाखेडच्या तहसील कचेरीबाहेर मी अर्जनवीस होतो. लिंबाखाली टेबल, टेबलावर टाइपरायटर आणि समोर माणसं. ज्याला सरकारला काही सांगायचंय पण सांगता येत नाही, त्याच्या वतीनं मी सांगायचो. बाजाराच्या दिवशी बैलांचे कागदही मीच करायचो. बैल कुणाचा, कुणी घेतला, आणि खाली ठरलेली अट: आठ दिवसांत खोड निघाली तर जनावर परत. मारका निघाला, परत. औतात बसला, परत. माझ्या कागदातून मुंगीसुद्धा निसटत नाही असं लोक म्हणायचे. लोक म्हणजे मुख्यतः मीच.

तर त्या वर्षी आमची शकू माहेरी आली होती. आली म्हणजे, पाठवली होती. लग्नाला सहा महिने होत नाहीत तोच तिला हिवतापानं धरलं, अंगात रक्त उरलं नाही, शेतातलं काम होईना. सासरच्यांनी तिला देवगाव फाट्यावर आणलं, एसटीत बसवलं आणि हातात दोन ओळींची चिठ्ठी दिली. आमच्या डॉक्टरच्या गोळ्यांनी ताप गेला. पण पोरगी बोलेना. भिंतीला टेकून बसायची. जेव म्हणलं की दोन घास खायची, झोप म्हणलं की आडवी व्हायची. तीन महिने असे गेले. वीस वर्षांचं लेकरू असं बसलेलं बघवत नव्हतं हो. कचेरीत मी दुनियेची गाऱ्हाणी लिहायचो आणि घरी आलो की मला एक शब्द सुचत नव्हता.

लहानपणी तिला कुत्र्याचं भारी वेड होतं, हे मला एकदा आठवलं. झालं, ठरलं. शकूची आई म्हणाली, “गल्लीत आठ पिल्लं पडलीत. त्यातलं एक उचलून आना.”

पण मी अर्जनवीस. गल्लीतल्या कुत्र्याचा मालक कोण, जात कुठली, जबाबदार कोण? परभणीत स्टेशनच्या बाजूला एक दुकान निघालं होतं. कोंबडीचं खाद्य, रंगीत मासे, पोपट आणि पिंजऱ्यात विलायती कुत्र्यांची पिल्लं. जे दारात फुकट मिळत होतं ते विकत आणायला मी आगगाडीनं परभणीला गेलो.

दुकानदाराचं नाव गुलाबराव. पोट सुटलेला, सावकाश बोलणारा माणूस. पिंजऱ्यात पाच-सहा पिल्लं एकावर एक पडली होती. त्यातलं एक तपकिरी, कपाळावर पांढरा ठिपका असलेलं मी बाहेर काढायला लावलं आणि बैल तपासतात तसं तपासलं. तोंड उघडून दात मोजले. शेपूट पिरगाळून पाहिली. चालवून पाहिलं. कानामागं टाळी वाजवली. मग पोटाखाली हात घालून वर उचललं, तर त्यानं माझ्या बाहीवर धार सोडली.

“लघवी साफ हाय,” गुलाबराव म्हणाला. “आनखी काय बघायचं राह्यलं?”

मी टेबल मागितलं आणि कागद काढला. सात कलमांचा करार केला. जनावर निरोगी आहे, सुलक्षणी आहे, आणि आठ दिवसांत खोड अगर रोग निघाल्यास विकणाऱ्यानं विनातक्रार परत घ्यावं. शेजारच्या चहावाल्याची साक्ष घेतली. सही करताना गुलाबराव हसत होता. त्याच्या दुकानात पोपटाचासुद्धा करार अजून कुणी केला नव्हता म्हणे.

घरी पिशवीतून पिल्लू काढलं आणि शकूपुढं ठेवलं. तिनं कितीतरी वेळ त्याच्याकडं नुसतं पाहिलं. मग त्याच्या कपाळावर बोट ठेवलं आणि म्हणाली, “टिकल्या.” एवढंच. मी आनंदानं त्या टिकल्याला वाटीभर म्हशीचं दूध पाजलं आणि वर एक पेढा चारला.

तिसऱ्या दिवशी टिकल्यानं मान टाकली. उलट्या, जुलाब, त्यात रक्त. विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते ते. त्या आठवड्यात बंद लागला होता, एसट्या आगारात उभ्या, आगगाड्याही थांबलेल्या, कचेरीला कुलूप. परभणीला जायची सोय नाही. जनावरांच्या दवाखान्यातले तरुण डॉक्टर जवळच राहायचे, त्यांना घरीच घेऊन आलो.

त्यांनी पिल्लू पाहिलं, पोट दाबलं, पापणी उलटी केली. म्हणाले, कुत्र्यांत हा रोग नवाच आलाय, त्यावर नेमकं औषध नाही. चार ठिकाणची पिल्लं एका पिंजऱ्यात कोंडली की एकाचं दुसऱ्याला लागतं. शिवाय पोटात जंत आहेत, ते माणसालाही होतात, तेव्हा हात साबणानं धुवा. आणि महिन्याचंसुद्धा झालेलं नाही हे. “फार लवकर तोडलं याला आईपासून,” ते म्हणाले. शकूची आई माझ्याकडं बघत राहिली. शकूला अठरावं लागल्यापासून तिच्या लग्नाची घाई मलाच झाली होती.

उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ-साखर घाला, घोट घोट पाजत राहा, जगलं तर जगेल, असं सांगून डॉक्टर गेले. शकूची आई चावण्याला भ्यायची, कारण तेव्हा कुत्रं चावलं की पोटात चौदा इंजेक्शनं. ती चार हात लांबच राहिली. शकू उठली. पदर खोचला, जुन्या लुगड्याची घडी करून टिकल्याला त्यावर घेतलं आणि चमच्यानं पाणी पाजायला बसली.

“आण्णा, चमचा उकळून आना,” ती म्हणाली. “आन् आई, हितं राख टाक. मला भाकर दे, मी खाऊन घेते, मंग परत बसते.”

आता तुम्ही शहाणी माणसं आहात, तुमच्या लगेच लक्षात आलं असेल. तीन महिन्यांत पोरगी पहिल्यांदा आपणहून भाकर मागत होती. पण मी काय पाहिलं? मी कॅलेंडर पाहिलं. आठातले तीन दिवस गेले होते.

बंद उठला तो नेमका सातव्या दिवशी. आठव्या दिवशी सकाळी शकू आंघोळीला गेली आणि मी टिकल्याला पिशवीत घालून गाडी गाठली. तिला सांगितलं नाही. म्हणलं, संध्याकाळी चांगलं ठणठणीत पिल्लू पुढं ठेवू, पोरगी खूश होईल. खरं सांगू? त्यापेक्षा जास्त मला माझा कागद चालतो की नाही हे बघायचं होतं.

दुकानात मी कलम वाचून दाखवलं. गुलाबरावनं पिल्लू पाहिलं आणि म्हणाला, “न्हेलं तवा उड्या मारत होतं. तुमी काय खाऊ घातलं?”

“दूध.”

“कशाचं?”

“म्हशीचं.”

“किती?”

मी म्हणलं, कलमात खाण्याचा उल्लेख नाही. पेढ्याचं तर मी बोललोच नाही. माणसं जमली. गुलाबराव म्हणाला, एवढासा जीव, त्याला म्हशीचं दूध पचेल का? मी म्हणालो, रोग तुझ्या पिंजऱ्यातला आहे, डॉक्टरांनी सांगितलंय. तो म्हणाला, मग डॉक्टरांचं लिहून आणा. मी म्हणालो, तुझी सही आहे की नाही ते सांग. तासभर ही जुगलबंदी चालली. शेवटी चहावाला मध्ये पडला आणि साक्ष दिली की अट कबूल झाली होती. गुलाबरावनं हात जोडले. मागच्या बाजूला त्याची स्वतःची कुत्री व्यालेली होती, तिचं एक गुबगुबीत पिल्लू आणून त्यानं माझ्या हातात दिलं. टिकल्याला उचलून पोत्यांमागच्या टोपलीत ठेवलं.

मी तेवढ्यावर थांबतोय होय? पुढं त्यानं काही दावा सांगू नये म्हणून लगेच दुसरा कागद केला. ‘सदर जनावर आजारी निघाल्याने परत केले असे. यापुढे त्याच्या जगण्यामरण्याशी लिहून देणाराचा काहीएक संबंध राहिला नाही.’ खाली झोकात सही. एक प्रत त्याला, एक मला. गाडीत बसल्यावर ती प्रत मी दोनदा वाचली. इतका सुंदर कागद मी क्वचितच लिहिला होता.

घरी शकू ओट्यावर उभी होती. सकाळपासून गल्ली पालथी घातली होती तिनं. मी पिशवीतून नवं पिल्लू काढलं आणि सगळा पराक्रम सांगितला. तिनं पिल्लाला हात लावला नाही. कागद मागितला. मी कौतुकानं दिला. तिनं उभ्याउभ्याच वाचला, घडी केली आणि माझ्या हातात परत ठेवली.

“आण्णा,” ती म्हणाली, “माझ्या चिठ्ठीत बी असंच लिवलं होतं.”

मी त्या दोन ओळी तीन महिन्यांपूर्वी वाचल्या होत्या. संतापानं फाडायला निघालो होतो. दिवसभर ज्याला त्याला विचारत होतो, की माणसं असं लिहूच कशी शकतात? आणि आता तेच माझ्या अक्षरात, माझ्या सहीनिशी माझ्या हातात होतं. खोटं कशाला बोलू, मला रडू आलं. शकूच्या आईनं पाण्याचा तांब्या पुढं केला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आम्ही दोघं परभणीला निघालो. सासरहून आल्यापासून शकू पहिल्यांदा गावाबाहेर पडत होती.

गुलाबरावनं आम्हाला पाहिलं आणि कपाळाला हात लावला. नवं पिल्लू परत घ्या आणि जुनं द्या म्हणलं, तर त्यानं गल्ल्यातून माझाच कागद काढला आणि सावकाश वाचला. ‘काहीएक संबंध राहिला नाही.’ मग म्हणाला, “आता तुमीच सांगा, कोन्त्या हक्कानं मागायलात?”

मी माझ्या कागदातली फट शोधायला लागलो. पाव तास शोधली. हे पिल्लू बदली दिलेलं आहे म्हणून पाहिलं, आठवा दिवस धरायचा की नाही म्हणून पाहिलं. चहावाला कालच्यासारखाच कागदाच्या बाजूनं होता. मी इतका पक्का लिहिला होता की मलाच बाहेर पडता येईना.

तेवढ्यात शकू पुढं झाली. “काका, ते हाय का अजून?”

गुलाबराव जरा घुटमळला. “हाय. पर लय आजारी हाय, बाई. काल सांजंपासून काय घेतलं न्हाई त्यानं.”

“मला म्हाईत हाय. मला तेच पायजे.”

त्यानं तिच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि पोत्यांमागून टोपली आणली. टिकल्या लुगड्याच्या चिंधीसारखा पडला होता. शकूनं नाव घेतलं तेव्हा त्याची शेपूट हलली. दोनच वेळा हलली, पण हलली. गुबगुबीत पिल्लू एव्हाना माझ्या हातातून सुटून मागं आपल्या आईला जाऊन चिकटलं होतं.

गुलाबराव म्हणाला, न्या, पण लिहून द्या, नाहीतर हे गृहस्थ आठव्या दिवशी परत हजर. मी पेन काढलं. ‘लिहून देतो की’ एवढं लिहिलं आणि हात थांबला. पुढं काय लिहायचं? शकूनं पेन घेतलं आणि माझ्या गिचमिडीखाली लिहिलं, ‘आजारी आहे, माहीत आहे, म्हणून नेत आहे.’

गुलाबरावनं वाचलं. अट कुठाय म्हणून विचारलं. अट नाही म्हणाली. त्यानं कागद माझ्याकडं सरकवला आणि म्हणाला, “तुमी साक्षीदार म्हनून सही करा. तेवढंच काम हाय तुमचं.” मी केली.

टिकल्या जगला. पंधरा दिवस लागले. शकू त्याला पाणी पाजायची, मग पेज, मग मऊ भात, आणि त्याच्या बरोबरीनं स्वतःही जेवायची. अंगावर मांस आलं, आवाज आला. मला ओरडायला लागली, तेव्हा मी ओळखलं की पोरगी बरी झाली.

ही बातमी देवगाव फाट्यापलीकडं पोचायला वेळ लागला नाही. दोन महिन्यांनी आमचे व्याही भाड्याची जीप घेऊन आले. चांगला कडक फेटा, हातात केळी. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले आणि म्हणाले, “इवाई, ऐकलं की पोरगी आता चांगली ठनठनीत झाली. म्हनलं न्यायला जावं.”

माझ्या डोक्यात कलमं सुरू झाली. तुम्हाला सांगतो, तोवर मी अकरापर्यंत पोचलो होतो. काम किती सांगायचं, औषधपाणी कुणी बघायचं, माहेरी कधी धाडायचं. कागद आणायला उठणार, तोच दारातून शकू बोलली. आवाज चढवला नाही.

“मामांजी, बरी असताना कोन बी न्हेतंय. मी आजारी पडंन तवा या न्यायला.”

आणि ती टिकल्याला घेऊन मागच्या अंगणात निघून गेली.

व्याह्यांनी कपबशी खाली ठेवली. मग माझ्याकडं वळले. “तुमी लिहिनारी मानसं. समजून सांगा बरं, ती काय म्हनली?”

मी म्हणलं, “इवाई, मला कुत्रं परत आनायला लागलं तवा कळलं. तुमी जीप रिकामी न्या, वाटंत इचार करा.”